रोजच्या वापरातल्या जुन्या हॅट: कोणती घालता आणि ती टिकवता कशी?

राखाडीफेल्ट

कपाटात मांडून ठेवायला नव्हे, रोज डोक्यावर घालायला जुनी हॅट वापरणारे इथे बरेच जण आहेत. आपापल्या रोजच्या हॅटबद्दल इथे लिहा. प्रकार, साधारण काळ, फेल्ट (दाबून घट्ट केलेली फर किंवा लोकर) की गवत, ब्रिमची (बाहेर पसरलेल्या कडेची) रुंदी, क्राऊनची (डोक्यावरच्या उंच भागाची) उंची आणि देखभाल. फोटो टाका, पण तपशील जास्त हवेत.

माझ्या वापरात तीन आहेत. पहिली राखाडी फेडोरा, फर फेल्टची, ब्रिम ६.३ सेंमी, काठाला रिबनची पट्टी शिवलेली, क्राऊन मधल्या खाचेपाशी १३.५ सेंमी. स्वेटबँडच्या (आतून कपाळाला लागणाऱ्या चामड्याच्या पट्ट्याच्या) मागे अमेरिकन कामगार संघटनेचं लेबल आहे, ‘युनायटेड हॅटर्स, कॅप अँड मिलिनरी वर्कर्स’ असं पूर्ण नाव असलेलं. दुसरी पनामा, म्हणजे गवताची, तिसरी आठ फाकांची ट्वीडची टोपी.

अडचणी फेडोराच्याच. एक, पुढच्या चिमट्यावर (बोटांनी धरतो तिथे) केसाएवढी भेग दिसायला लागली आहे. दोन, कपाळाच्या बाजूला स्वेटबँडचे टाके साधारण ५ सेंमी उसवलेत. तीन, आकडा सव्वासात लिहिलाय, माझं डोकं ५८ सेंमी, म्हणजे हिशेब बरोबर आहे. तरी कपाळ दुखतं आणि कानांवर मात्र फट राहते. पनामाचं पुढचं टोक कोरडं पडलंय, मोडेल अशी भीती वाटते. आणि घाम आणि पाऊस या दोन्ही गोष्टींचं रोज नेमकं काय करायचं?

लाखबंद

माझ्या रोजच्या दोन फेडोरा आहेत, दोन्ही सशाच्या फरच्या, एक गडद तपकिरी, एक काळी. ब्रिम ६ सेंमी. दोनच का, तर एकीला एक दिवस घातली की दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती. चामड्यात शोषलेला घाम सुकायला २४ तास लागतातच. रोज एकच हॅट घातली तर स्वेटबँड कधीच पूर्ण कोरडा होत नाही आणि फेल्टच्या आधी तोच मरतो. जुन्या हॅटमध्ये सगळ्यात कच्चा भाग फेल्ट नसतो, आतलं चामडं असतं. बाकी सगळी देखभाल याच एका गोष्टीभोवती फिरते.

घाम: घरी आल्यावर हॅट उलटी धरून कोरड्या सुती फडक्याने स्वेटबँड पुसायचा, मग तो बाहेर उलटवायचा (शर्टाची कॉलर उलटवतो तसा, हलक्या हाताने, आधी मागच्या बाजूने) आणि हॅट त्या उलटवलेल्या पट्ट्यावर उभी ठेवायची. ब्रिम टेबलाला टेकत नाही, हवा आत फिरते. चामडं कडक आणि चिरलेलं असेल तर उलटवू नका, हॅट क्राऊनवर उपडी ठेवा. घामातलं मीठ चामड्यात साठलं की ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि सुकताना पट्टा आणखी कडक होतो. फेल्टपर्यंत मीठ पोचलं की रिबनच्या वर पांढऱ्या कडेचा गडद डाग उमटतो, आणि तो पूर्ण जात नाही. म्हणून ज्यांना कपाळावर जास्त घाम येतो त्यांनी पट्ट्याच्या आत पातळ सुती कापडाची पट्टी ठेवावी आणि ती रोज धुवावी. तेल लावलेल्या केसांवर थेट हॅट नको. तेल चामड्यातून आरपार जातं.

पाऊस: चांगलं फर फेल्ट पावसाला घाबरत नाही, थेंब वरच्यावर राहतात. मेंढीच्या लोकरीचं फेल्ट मात्र भिजलं की फुगतं, लोंबतं, आणि उष्णता मिळाली तर आकसतं. भिजून आलात तर आधी झटका, कोरड्या टॉवेलने टिपा, चोळू नका. चिंब झाली असेल तर क्राऊनच्या सगळ्या खाचा आतून हलकेच बाहेर ढकला, स्वेटबँड उलटवा, ब्रिम सगळीकडून वर वळवा आणि खोलीच्या तापमानाला ठेवा. अर्धवट ओली असताना खाचा परत घाला. हीटर, हेअर ड्रायर, उन्हातली गाडी, खिडकीतलं ऊन ही सगळी टाळा. ओल्या जुन्या चामड्याला उष्णता लागली की ते आखडतं, आणि आखडलेलं परत येत नाही. पट्टा आखडला की तो फेल्टला आत ओढतो आणि ब्रिमला लाटा येतात. ‘हॅट पावसात छोटी झाली’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा फेल्ट जागच्या जागी असतं, चामडं आखडलेलं असतं.

ब्रश: घोड्याच्या केसांचा, मऊ. गडद हॅटला एक, फिक्या हॅटला वेगळा, नाहीतर गडद रंगाची लव फिकीवर बसते. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवायचा, कारण बहुतेक फेल्टची लव त्याच दिशेने बसवलेली असते. चिखल लागला तर पूर्ण वाळू द्या, मग ब्रश. ओला चिखल घासला की आत जातो. तेलकट बोटांच्या डागावर मुलतानी माती किंवा मक्याचं पीठ रात्रभर, सकाळी ब्रश. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: फेल्टला ताठपणा लाखेमुळे येतो आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी ब्रिम धरलं की तिथली लाख वर येऊन पांढरट चट्टा पडतो. हात वाळू द्या, मग हॅट धरा.

आता भेग. चिमट्याला धरून हॅट उचलायची सवय हेच कारण. लाख लावलेलं फेल्ट एकाच घडीवर हजारदा दुमडतं आणि तुटतं. आजपासून दोन्ही हातांनी ब्रिमला धरून घाला-काढा, पुढून आणि मागून. भेग अजून केसाएवढी असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे खाचेची जागा बदलणं. स्वेटबँड बाहेर उलटवा. किटलीच्या वाफेपासून १५ ते २० सेंमीवर क्राऊनचा पुढचा भाग १० ते १५ सेकंद धरा. लाख मऊ पडते, फेल्ट बोटाखाली सैल लागतं. आतून मुठीने खाच पूर्ण बाहेर काढा, थंड होऊ द्या. मग पुन्हा वाफ देऊन चिमटा आधीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मागे घाला. भेग सपाट भागावर आली की तिच्यावर ताण राहत नाही. वाफ जास्त दिली तर फेल्ट फुलून लव उभी राहते, म्हणून १५ सेकंदांचे दोन-तीन फेरे, एक मोठा नको. आणि वाफ चामड्यावर कधीच नको.

भेग आरपार असेल तर आतून पातळ मलमलीचा तुकडा, भेगेच्या चारही बाजूंना १ सेंमी जास्त, लवचिक राहणाऱ्या पांढऱ्या कापडी गोंदाने. सुकल्यावर काच होणारे झटपट गोंद वापरू नका, भेग त्या गोंदाच्या कडेने पुढे सरकते.

लांबटगोल

माझी रोजची: निळसर राखाडी होम्बुर्ग. मधली एकच लांब खाच, ब्रिम ५.५ सेंमी, काठ चहूबाजूंनी वर वळलेला आणि रिबनने बांधलेला. होम्बुर्गचं ब्रिम पुढे खाली वाकवायचं नसतं. एकदा दुमडलं की काठाच्या शिवणीला कायमची सुरकुती पडते.

तुमची तिसरी अडचण मापाची नाही, आकाराची आहे. हॅटचा आकडा फक्त परीघ सांगतो. सेंटिमीटरमधला परीघ आणि अमेरिकन आकडा यांचा मेळ असा: ५६ म्हणजे ७, ५७ म्हणजे ७ १/८, ५८ म्हणजे ७ १/४, ५९ म्हणजे ७ ३/८. मूळ गणित इंचांतला परीघ भागिले पाय (π, म्हणजे ३.१४). ब्रिटिश आकडा त्याहून एक अष्टमांश कमी असतो, म्हणजे ५८ सेंमीला ब्रिटिश हॅटवर ७ १/८ लिहिलेलं मिळेल. हे माहीत नसल्यामुळे दुसऱ्याच मापाची हॅट घरी येते.

कपाळ आणि मागची बाजू दाबते, कानांवर फट, याचा अर्थ तुमचं डोकं लांबट गोल आहे आणि हॅट नेहमीच्या अंडाकृतीची. मोठं माप घेतलं तर कपाळ सुटेल, पण बाजू इतकी सैल होईल की वाऱ्यात हॅट जाईल. दोन रस्ते आहेत.

पहिला, ताणणी. दोन लाकडी अर्धगोल आणि मध्ये स्क्रू असतो ती. स्क्रू पुढे-मागे दाब देईल अशी, म्हणजे लांबीच्या दिशेने बसवायची, अर्धगोल स्वेटबँडच्या आत. बाहेरून, ब्रिम आणि क्राऊन जिथे मिळतात तिथे, पुढे आणि मागे फक्त थोडी वाफ. मग स्क्रू हलका घट्ट होईपर्यंत आणि वर अर्धा वेढा. रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी घालून पाहा, लागल्यास परत अर्धा वेढा. एकदम जोर दिला तर पट्ट्याच्या खालच्या कडेतली बारीक काडी तुटते किंवा टाके फाटतात. तुमचे टाके आधीच उसवलेले आहेत, म्हणून आधी शिवण, मग ताणणी. उलटं केलंत तर ५ सेंमीचे १५ होतील.

दुसरा, ताणायचीच नसेल तर किंचित मोठी हॅट घेऊन कानांवरच्या फटीत, स्वेटबँडच्या मागे, ३ मिमी जाडीची फोमची पट्टी, प्रत्येक बाजूला ७-८ सेंमी लांब. चिकट बाजू चामड्याकडे नको, फेल्टकडेही नको, चिकटवूच नका. पट्टा तिला दाबून धरतो. गोंद वर्षभरात चिकट काळा थर होऊन फेल्टमध्ये मुरतो.

जुनी हॅट घेताना विकणाऱ्याकडून स्वेटबँडच्या आत टेप फिरवलेला फोटो मागा. लेबलवरचा आकडा हॅट बनली तेव्हाचा असतो, चामडं आजचं असतं. ५९ लिहिलेली हॅट आज ५७.५ भरते असं अगदी नेहमी होतं. उजेडासमोर धरून आतून काढलेला फोटोही मागा. कसरीने खाल्लेली भोकं टाचणीच्या टोकाएवढी असली तरी उजेड त्यातून येतोच.

सुईदोरा

रोजची: १९५० च्या आसपासची तपकिरी फेडोरा, ब्रिमला कच्चा कापलेला काठ, रिबन १७ लिन्यं. हॅटच्या रिबनची रुंदी लिन्यंमध्ये मोजतात, १ लिन्यं सुमारे २.२५ मिमी, म्हणजे १७ म्हणजे ३८ मिमी.

उसवलेल्या शिवणीबद्दल. आधी पाहा की टाके चामड्यातून गेलेत की कापडी पट्टीतून. बऱ्याच फेडोरांमध्ये चामड्याच्या खालच्या कडेला बारीक काडीवर गुंडाळलेली कापडी पट्टी असते आणि फेल्टशी टाके त्या पट्टीतून जातात. तसं असेल तर काम सोपं आहे: पट्टी शाबूत असते, दोरा कुजलेला असतो. टाके थेट चामड्यातून असतील आणि भोकांच्या ओळीवर चामडं फाटत चाललं असेल तर ५ सेंमी शिवून उपयोग नाही, शेजारचे ५ सेंमी उद्या जातील. पट्टा बदलावा लागेल.

शिवायची पद्धत. बाहेरचे टाके रिबनखाली लपलेले असतात, म्हणून कपाळाच्या बाजूची रिबन थोडी सोडवावी लागते. रिबन पूर्ण शिवलेली नसते, बो (बाजूची रिबनची गाठ) आणि मध्ये तीन-चार ठिकाणी बारीक टाच असते. पुढची टाच कापा आणि रिबन वर सरकवा. फेल्टच्या रंगाचा मेणावलेला दोरा, पातळ वाकडी सुई. जुनीच भोकं वापरायची, फेल्टमध्ये नवी भोकं पाडली तर ओळ कमकुवत होते. आतल्या बाजूला टाका ५ ते ६ मिमी, बाहेरच्या बाजूला १ मिमी. उसवलेल्या भागाच्या २ सेंमी आधी, शाबूत शिवणीतून सुरू करा आणि २ सेंमी पुढे संपवा. दोरा ओढताना फेल्टला खळगा पडत असेल तर फार घट्ट झालं. गाठ चामडं आणि फेल्ट यांच्या मध्ये ठेवा, कपाळाकडे नको.

नवा पट्टा घालायचा असेल तर हॅटचं तोंड टेपने मोजा, लेबलवर विसंबू नका. पट्टा ५८ आणि तोंड ५९ असेल तर फेल्टला चुण्या पडतात. मागचा मध्य, पुढचा मध्य आणि दोन्ही बाजू अशा चार खुणा खडूने दोन्हीकडे करा, चार टाचा घाला, मगच शिवायला घ्या. जोड मागे येतो. मेंढीचं, झाडाच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं (व्हेजिटेबल टॅन) पातळ चामडं घ्या. जाड चामडं घेतलं तर हॅट अर्ध्या मापाने घट्ट होते.

रिबन बदलताना सुती किंवा रेयॉनची घ्या, पॉलिस्टर नको. क्राऊन वर निमुळतं होतं, त्यामुळे रिबनची वरची कड खालच्या कडेपेक्षा आखूड लागते. सुती-रेयॉन रिबन ओली करून इस्त्रीखाली कमानीत वळवता येते, पॉलिस्टर वळत नाही आणि वरची कड कायम उघडी राहते. मूळ रिबनचा खरा रंग पाहायचा असेल तर बो उचलून खाली बघा, ऊन न लागलेला भाग तिथे मिळेल.

राखाडीफेल्ट

तिघांचेही आभार. पाहिलं, माझ्या हॅटला कापडी पट्टी आहे आणि ती धड आहे. म्हणजे शिवण होईल. चामडं मात्र कोरडं आहे, वरच्या कडेला बारीक चिरा आहेत. त्याला लेदर कंडिशनर लावू का? कुठे लावा म्हणतात, कुठे अजिबात नको म्हणतात.

लाखबंद

थोडं लावा. बोटाच्या टोकावर येईल एवढं, मेण असलेलं, पातळ तेल नसलेलं. पट्टा उलटवून फक्त कपाळाला लागणाऱ्या बाजूला, २४ तास उलटाच ठेवा, मग फडक्याने जास्तीचं पुसा. वर्षातून एकदा पुरे. कोरडं चामडं तसंच वापरलं तर चिरा शिवणीपर्यंत जातात.

सुईदोरा

इथे माझं मत वेगळं आहे. चिरा नसलेल्या चामड्याला लाखबंद म्हणतात तसं चालेल. चिरा असलेल्या चामड्यात कंडिशनर चिरांतून खाली उतरतं, फेल्टमध्ये पोचतं आणि रिबनच्या वर तेलकट रेष उमटते. ती रेष कुठल्याच मातीने निघत नाही. आणखी एक पारख करा: पांढरं कोरडं फडकं पट्ट्यावर हलकं फिरवा. लालसर भुकटी आली तर चामडं आतून कुजलंय, त्याला काहीही लावा, परत येणार नाही. उलट ओलाव्याने काळं पडून चिवट चिखल होतो. अशा वेळी नवा पट्टा, आणि जुना पाकिटात घालून जपून ठेवा, त्यावरचा छाप हॅटची ओळख आहे.

राखाडीफेल्ट

भुकटी येत नाही. पण चिरा आहेत, म्हणून कंडिशनर टाळतो आणि आत सुती पट्टी वापरतो.

नायट्रेट

वाफ आणि घासकामाकडे वळण्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. फरचे केस एकमेकांत गुंतावेत म्हणून पूर्वी फरवर पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया करत. अमेरिकेत हा वापर १ डिसेंबर १९४१ पासून बंद झाला. राखाडीफेल्ट यांच्या हॅटवरच्या लेबलची संघटना दोन संघटना एकत्र येऊन १९३४ मध्ये बनली, म्हणजे हॅट १९३४ नंतरची नक्की, पण १९४१ च्या आधीची की नंतरची हे त्या लेबलवरून ठरत नाही. म्हणून ती पारा असलेली आहे असं धरूनच वागा.

याचा अर्थ घालू नका असा नाही. कपाळाला चामडं लागतं, टाळूला अस्तर, फेल्ट थेट कुठेच लागत नाही. म्हणून जुनं अस्तर फाटकं दिसतं म्हणून काढून फेकू नका, त्यावरच नवं रेशमी किंवा सॅटिनचं अस्तर चार टाक्यांनी बसवा. धोका धुळीत आणि वाफेत आहे. जुन्या फेल्टला पॉलिश पेपर लावू नका. वाफ द्यायचीच तर खिडकी उघडी, तोंड बाजूला, फेरे छोटे, आणि स्वयंपाकघरात नको. ब्रश बाल्कनीत किंवा दारात करा. नंतर हात धुवा. भुरभुर झडणारं फेल्ट असेल तर ती हॅट रोजच्या वापरातून काढा. रोजसाठी १९४० च्या दशकाचा शेवट आणि पुढची अमेरिकन हॅट निवडली तर ही काळजी बरीच कमी होते. इतर देशांत ही तारीख लागू नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरं, कसर. अळी केराटिन (केसांतलं प्रथिन) खाते: फर, लोकर, दोन्ही. नवी आणलेली जुनी हॅट इतर हॅटशेजारी ठेवण्याआधी फ्रीझरमध्ये घाला. प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, तोंड घट्ट बंद. घरच्या फ्रीझरचे उणे १८ अंश असतील तर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड फेल्टवर पाणी सुटतं. त्या आधी हॅटला क्राऊनमध्ये कागदाचे बोळे भरा म्हणजे पिशवीच्या दाबाने आकार जात नाही. डांबरगोळ्यांचा वास फेल्टमधून महिनोन्महिने जात नाही, आणि उघड्या कपाटात त्यांचा फारसा उपयोगही होत नाही. रोज घातली-ब्रश केलेली हॅट कसर सहसा धरत नाही. ती बंद डब्यात विसरलेल्या हॅटला लागते.

तोकिया

रोजची: मोन्तेक्रिस्तीची पनामा, ब्रिम ७ सेंमी, मागे वर आणि पुढे खाली. पनामा हॅट इक्वेडोरमध्ये तोकिया गवताची विणतात, आणि ही विणकला २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

विण ओळखायची तर हॅट उजेडासमोर धरून क्राऊनच्या आत बघा. टोकापासून बाहेर जाणारी वर्तुळं दिसतात. तिथे नवी गवतं जोडलेली असतात. वर्तुळं जवळजवळ आणि एकसारखी, तर विण बारीक. ब्रिमचा काठही पाहा: चांगल्या हॅटमध्ये गवत काठावर परत आत विणलेलं असतं, साध्या हॅटमध्ये कापून दुमडून शिवलेलं. रोज वापरायला अतिबारीक विण घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. मध्यम विण सुरकुत्या आणि हात दोन्ही जास्त सोसते, आणि डोक्यावर वारा चांगला खेळतो.

तुमच्या पुढच्या टोकाबद्दल. वाळलेलं गवत मोडतं, ओलसर गवत वाकतं, एवढं एकच सूत्र. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ भरलेली असताना हॅट १० मिनिटं टांगून ठेवा, थेट किटलीवर नको. गवत लवचिक झालं की चिमटा बोटांनी मोकळा करा, थोडा रुंद आणि उथळ करून परत बसवा. टोकदार चिमटा जेवढा सुंदर दिसतो तेवढाच लवकर तुटतो. कोरड्या हवेत ठेवत असाल तर डब्यात ओलसर स्पंज उघड्या वाटीत, हॅटला न टेकवता. पण बुरशीचा वास आला की लगेच काढा. एखादं गवत तुटलंच तर आतून पांढऱ्या कापडी गोंदाचा थेंब आणि पातळ टिश्यू कागद, बाहेर काही दिसू न देता.

आणि गुंडाळू नका. ‘गुंडाळता येणारी पनामा’ ही वाहतुकीची सोय होती, रोजची सवय नव्हे. प्रत्येक गुंडाळीला त्याच रेषेवर ताण येतो आणि ती रेष वर्षभरात उघडते.

पनामा पावसाची नाही. सर आली तर पिशवीत, क्राऊन वर करून. बोटर घालणाऱ्यांनी तर आणखी जपावं. ती गवताच्या वेण्या शिवून, खळ लावून कडक केलेली असते. भिजली की खळ सुटते आणि ब्रिम लाटांसारखं होतं.

गोलटोप

आठ फाकांच्या टोपीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जुन्या टोपीच्या पुढच्या झडपेत पुठ्ठा असतो, नव्यांत प्लास्टिक. दोन बोटांनी अगदी किंचित वाकवून पाहा: पुठ्ठा बारीक कुरकुरतो आणि वाकलेला राहतो, प्लास्टिक झटकन परत येतं. पुठ्ठ्याची असेल तर ती कधीच पाण्यात बुडवायची नाही. ट्वीड ओल्या फडक्याने टिपून स्वच्छ करा, झडप सोडून. वाळवायला उलट्या वाटीवर किंवा फुगवलेल्या फुग्यावर ठेवा म्हणजे फाका बसत नाहीत. झडप आधीच वाकडी असेल तर दोन सुती कापडांमध्ये ठेवून कोमट इस्त्री, वाफ बंद, आणि लगेच गोल बरणीला रबरबँडने हलकी बांधून थंड होऊ द्या.

माझी रोजची मात्र बोलर. पहिली बोलर १८४९ मध्ये लंडनच्या लॉक अँड कंपनीने एडवर्ड कोक यांच्यासाठी बनवून घेतली. कमी क्राऊनची, कडक, डोक्याला घट्ट बसणारी, फांद्यांना लागून पडू नये म्हणून. तोच कडकपणा आज त्रास देतो. त्यात लाख इतकी असते की फेल्ट डोक्याप्रमाणे बसतच नाही, आणि लांबटगोल यांनी सांगितलेली अडचण बोलरमध्ये दुप्पट होते. नुसती ताणणी लावली तर तडा जातो. आधी तोंडाच्या कडेला आतून वाफ, स्वेटबँड बाहेर उलटवून, २० ते ३० सेकंद पुढे आणि तेवढीच मागे. कड दाबल्यावर हलली पाहिजे. मग पातळ कापड डोक्यावर ठेवून हॅट घाला आणि थंड होईपर्यंत काढू नका. भाजेल इतकी गरम असताना घालू नका, हाताच्या मनगटावर आधी लावून बघा. ब्रिमला तडा असलेली बोलर रोजसाठी विकत घेऊ नका. तडा भरता येतो, पण धरायची जागा तीच असल्यामुळे तो परत उघडतो.

राखाडीफेल्ट

झडप पुठ्ठ्याचीच निघाली, कुरकुरते. वाऱ्याचं काय करता? फेडोराच्या रिबनभोवती एक बारीक दोरी आणि तिला छोटं बटण आहे, ती त्यासाठीच का?

लांबटगोल

हो, त्यासाठीच. दोरी रिबनवरून सोडवून बटण कोटाच्या कॉलरच्या काजात अडकवायचं. हॅट उडाली तरी खांद्यापाशी लटकते. जुनी लवचिक दोरी मात्र बहुधा मेलेली असते: ताणून सोडल्यावर परत येते का पाहा, नाहीतर बारीक गोल इलास्टिक त्याच रंगाचं घाला. जोरदार वाऱ्यात पुढचं ब्रिम आणखी खाली करा आणि हॅट भुवयांच्या वर दोन बोटं राहील इतकी पुढे ओढा. वारा ब्रिमच्या खालून शिरतो म्हणूनच ती उडते. पण स्वेटबँड शिवल्याशिवाय दोरीवर भरवसा ठेवू नका. हॅट डोक्यावर धरून ठेवणारा पहिला भाग तो पट्टाच आहे.

सुईदोरा

आणि शिवताना दोरीचं दुसरं टोक सोडवू नका. ते बोच्या मागे, रिबनच्या खाली, फेल्टमधून आत नेऊन गाठ मारलेलं असतं. रिबन वर सरकवताना ती गाठ अंगठ्याखाली धरून ठेवा.